घरचं रक्त

विहिरीला पाणी लागलं आणि गडमुडशिंगीतल्या आकारामच्या घराला एकदम भाऊबंद फुटले. पोर नाही म्हणून इतकी वर्षं शालूबाईला टोचून खाणारी तोंडं आता साखर ओतायला लागली. नवराबायको दत्तक घ्यायचं म्हणतात, ही कुणकुण लागायचा अवकाश! मुरगूडची नणंद आपला शेंबडा पोरगा घेऊन हजर. त्याला पाढे म्हणायला लावले, आणि तो बाराच्या पाढ्यात अडकला तसा सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत धपाटा घातला. विकायच्या शेळीला तरी माणूस आधी गोंजारतो. शालूबाईनं चहा दिला, तोही बिनदुधाचा, आणि दोघांना वाटेला लावलं.

आकारामच्या मनात मात्र धाकट्या भावाचा, गुंडूचा पोरगा बाळासो होता. दोघा भावांच्या घरांत एकच भिंत. "घरचं रक्त, जमीन घरात," हे तो इतक्यांदा म्हणायचा, की शालूबाईला वाटे, ह्याला पोर नकोच आहे, बांधावर राखण पाहिजे.

ह्याच बाळासोच्या बारशाला जाऊ बायडाबाईनं शालूबाईला पाळण्यापाशी फिरकू दिलं नव्हतं. "आक्का, तुमी चुलीकडं बघा की," म्हणाली होती, अगदी गोड आवाजात. वांझेची नजर ना! शालूबाईनं सगळ्या पंगतीचा भात रांधला आणि स्वतः उपाशी घरी आली. तो अपमान तिनं गिळला होता, पचवला नव्हता.

आणि आता तीच बायडाबाई रविवारी सकाळी पोराला तेल चोपडून, नवी चड्डी घालून घेऊन आली. मागं गुंडू, हात बांधून, देवळात आल्यासारखा. पढवून आणलेलं पोर दारातूनच "आई" म्हणून ओरडलं. आकारामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शालूबाईला हसू आलं. तरी पोराचा काय दोष, म्हणून तिनं त्याला जवळ घेतलं आणि हातावर लाडू ठेवला. पोरानं आधी बायडाबाईकडं बघितलं, आणि लाडू तसाच मुठीत धरून बसलं.

ती मंडळी गेली आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून मिरच्या जळल्याचा धूर आला. आकाराम खोकून खोकून बेजार झाला. तेवढ्यात बायडाबाईचा आवाज, नेहमीसारखा खणखणीत: "बघितलंसा न्हवं? एवढ्या मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, ठसका म्हणून न्हाय! केवढी दिष्ट लावली माझ्या लेकराला त्या वांझेनं!"

"ऐकलंसा?" शालूबाई म्हणाली. "लेकरू मला द्याया निघालीया, आणि माझीच दिष्ट काढतीया."

"बायकांचं खूळ," आकाराम डोळे पुसत म्हणाला. "मनावर घिऊ नगंस. एकदा दत्तक झालं की आपलाच की त्यो."

"आपला? माझ्या हातचा घास जन्मभर तिला इचारून खाईल त्यो. मला न्हाय पायजे. कोल्हापुरात आश्रम हाय, तिथली एखादी पोरगी आणूया."

"पोरगी? आणि तीबी कुणाची कोण! जात न्हाय, गोत न्हाय!"

"मला तरी कुठली जात ठेवली तुमच्या घरानं? वांझ, हीच माझी जात. पोर मांडीवर घ्यायचं तर मांडी माझी लागती. त्या पोराला मी घेणार न्हाय. जावा, भावाला सांगा."

आकारामनं अबोला धरला. पण बायकोशिवाय दत्तकविधान होत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि ती एकटी आश्रमात गेली तर गाव तोंडात शेण घालेल हेही ठाऊक होतं. शेवटी पटका बांधून तो तिच्यामागं एसटीत चढला. एवढीच त्याची मर्दुमकी.

आश्रमातल्या बाईंनी एक लहानगी पोरगी पुढं आणली. डोक्यावर गळवांचे वण, नाक वाहतंय. "बहुतेकांना मुलगाच लागतो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ही चालेल?"

आकारामनं पोरीला खालीवर न्याहाळलं. "दात-बीत समदं ठीक हाय न्हवं?"

"बैल घ्याया आलायसा व्हय?" शालूबाई कडाडली. मग बाईंकडं वळली आणि तिचा आवाज उतरला. "बाई, आमी चालतोय का, ते तिला इचारा." भावकीच्या टोमण्यांनी कधी न हललेली ही बाई त्या पोरीच्या तोंडाकडं बघत पदर पिळत उभी राहिली. तिला भीती वाटत होती.

पोरीनं दोघांना बघितलं, "नको!" म्हणून किंचाळली आणि भोकाड पसरून बाईंच्या पातळात तोंड खुपसलं.

"झालं! चल आता," आकाराम म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं. "तिलाबी नको हायस तू."

शालूबाई तिथंच फरशीवर फतकल मारून बसली.

"नको तर नको. तोंडावर म्हणाली की," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुमच्या अख्ख्या भावकीत असं एक माणूस न्हाय. तुमी जावा गाडीनं. हिचं रडं थांबस्तवर मी हितंच बसती."