जिंकवलेला डाव

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुतारकाका पहिल्यांदाच जावयासमोर टेबल टेनिस खेळायला उभे राहिले. त्यांच्या लाकूडकामाच्या कारखान्याच्या मागच्या खोलीतलं ते टेबल त्यांनीच बनवलेलं. आपल्याला अजून खेळता येतं की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. पहिला डाव त्यांनी अकरा-चार असा मारला आणि स्वारी भलतीच खूश झाली. बाकावर बसलेल्या लेकीनं टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या डावात मात्र त्यांच्या ध्यानात आलं, की प्रत्येक चेंडू अलगद आपल्या उजव्या हाताशी येतोय. पाऊल हलवायची वेळच येत नाही. त्यांनी बॅट खाली ठेवली.

"जावईबापू, माझ्याशी खेळताय की माझी शुश्रूषा करताय?"

जावयानं बायकोकडे बोट केलं. "हिनंच दम भरलाय, बाबा. म्हणाली, त्यांना हरवलंत तर घरी येऊ नका."

"डॉक्टरांनी मला खेळायला सांगितलंय, लाड करून घ्यायला नाही. अहो, देवापुढे उभं राहून कुणी नुसते ओठ हलवतं का? तुम्ही जीव ओतलात, तरच माझा खेळ खरा. मारा!"

डाव पहिल्यापासून सुरू झाला आणि जावयानं मारलं. काका धापा टाकत या टोकाचे त्या टोकाला गेले आणि अकरा-दोन असे सपशेल हरले.

जेवताना ते दोन गुण कसे मिळवले, हे त्यांनी बायकोला रंगवून रंगवून सांगितलं.

"आणि जिंकलात तो डाव?" लेकीनं विचारलं.

"तो तुझ्या नवऱ्यानं एकट्यानंच खेळला. पाणी दे."