उलटा बसवलेला डोळा

मी दाराचा डोळा बोलतोय. दुकानात मला पीपहोल म्हणायचे. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात माझा दोष नाही. बेल वाजली की घरातल्यांनी आधी माझ्यातून बघायचं आणि मगच कडी काढायची, एवढ्यासाठीच माझा जन्म.

मी पितळेची एक नळी आणि तिच्यात बसवलेली भिंगं, बस्स. एका तोंडाला डोळा लावला की पलीकडचं सगळं दिसतं. दुसऱ्या तोंडाला लावला की नुसता धुरकट उजेड. म्हणून मला बसवताना तोंड कुठलं आणि पाठ कुठली, हे बघावं लागतं.

मला विकत घेतलं काकांनी. सगळा जिना त्यांना काकाच म्हणतो. यंत्रांचे नकाशे काढण्याच्या नोकरीतून ते निवृत्त झाले होते. काकू तेव्हा हॉस्पिटलात नर्स होत्या.

"अहो, सुताराला बोलवा," काकू म्हणाल्या.

"एका भोकासाठी सुतार? मी काय मेलोय का?"

काकांनी ड्रिल आणलं, दाराला भोक पाडलं आणि मला उलटा बसवला. मग डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, "धुरकट दिसतंय. दुकानदाराने हलकी काच गळ्यात मारली."

त्या दिवसापासून बेल वाजली की काका आतून "कोण आहे?" म्हणून ओरडायचे. बाहेर नजर ठेवायला जन्मलेला मी, घराकडे तोंड करून बसलो. संशय घ्यायला मला घरचीच माणसं उरली.

समोरच टेबल होतं. सकाळी बाजार उघडला की काका तिथे लॅपटॉप घेऊन बसायचे. आयुष्यभराच्या कमाईचे त्यांनी शेअर घेतले होते. फिरायला जाणाऱ्या मित्राने एखादं नाव कानात सांगितलं की घरी येऊन लगेच खरेदी. शेअर जरा वर गेला की घाईघाईने विकायचा आणि पडला की छातीशी धरून बसायचं. फायदा झाला की "याला अक्कल लागते!" तोटा झाला की "बाजारच मूर्ख आहे." तेव्हा मला दुकानदाराची ती हलकी काच आठवायची.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. काकूंच्या सपाता वाजल्या की लॅपटॉपचं झाकण पटकन मिटायचं.

मग काकू निवृत्त झाल्या. रात्रपाळ्या करून, पायांच्या शिरा फुगवून मिळवलेले पैसे एकरकमी हातात आले. म्हातारपणी लेकीपुढे हात पसरायचा नाही, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी होते ते हेच पैसे.

"माझ्याकडे दे," काका म्हणाले. "दुप्पट करून दाखवतो."

"आधी तुमचे किती झाले ते दाखवा."

"तुला त्यातलं काय कळतंय?"

लेकीने फोनवर सुचवलं, की हे काम एखाद्या जाणकार व्यावसायिकाकडे द्या. काका उसळले, "परक्याकडे? म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" काकूंनी मात्र ओळखीत विचारून दोन सल्लागारांना घरी बोलावलं.

पहिले आले ते अत्तराचा घमघमाट घेऊन. बेल दाबण्याआधी या गृहस्थांनी बाहेरून मला डोळा लावला. त्यांची पापणी मला चांगली घासली. आत काका तोट्याच्या लाल आकड्यांपुढे कपाळ धरून बसले होते आणि पलीकडे स्वयंपाकघरात काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. गृहस्थांनी सगळं मनसोक्त पाहून घेतलं आणि मग बेल दाबली.

आत आल्यावर म्हणाले, "काकू, मनाला घोर लागलाय ना? चेहराच सांगतो. आणि काका, बाजार पडला की तुमच्यासारख्या अभ्यासू माणसालाच जास्त त्रास होतो."

काका विरघळले. "बघितलंस? माणसाला पारख आहे!"

"तुमची फी किती?" काकूंनी विचारलं.

"फीचं काय घेऊन बसलात? आपण घरचेच. पैसे वाढणार, ही माझी हमी."

काकांनी सहीसाठी पेनसुद्धा शोधलं. काकूंनी उद्यावर ढकललं. मी दारात बसून चडफडत होतो, पण डोळ्याला तोंड कुठलं?

दुसऱ्या दिवशी एक सल्लागार बाई आल्या. झिजलेली पर्स, साधा चेहरा. त्यांनी आधी बेल दाबली. दार उघडायला वेळ लागला तेव्हा उजेड दिसला म्हणून मला डोळा लावला आणि चटका बसल्यासारख्या मागे सरल्या. आत पाऊल टाकताच म्हणाल्या, "माफ करा, पण तुमचं पीपहोल उलटं बसलंय. बाहेरून घरातलं सगळं दिसतं."

"अशक्य!" काका म्हणाले. "मी स्वतः बसवलंय."

काकू बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. बाई आतल्या कोपऱ्यात अवघडून उभ्या राहिल्या. काकूंचा डोळा मला टेकला.

त्याच क्षणी काका टेबलाकडे धावले. लाल आकडे तसेच उघडे होते. त्यांनी झाकण मिटलं, वर वर्तमानपत्र पसरलं आणि रुमालाने मान पुसली.

काकू आत आल्या आणि त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र बाजूला केलं.

"ते झाकण उघडा."

काकांनी उघडलं. काकूंनी आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग काका खाली बघत म्हणाले, "निम्मे गेलेत. सांगायचा धीर झाला नाही गं." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं.

काकू खुर्चीत बसल्या. "म्हणजे कालचा तो माणूस चेहरा वाचत नव्हता. बाहेर उभा राहून बघत होता." मग त्या बाईंकडे वळल्या. "तुम्ही किती घेणार?"

बाईंनी आकडा सांगितला. "पैसे वाढले तरी द्यावे लागतील, घटले तरी. आणि वाढतीलच अशी हमी मी देत नाही."

काकूंनी निम्मे पैसे बँकेत ठेवले आणि निम्मे बाईंच्या देखरेखीखाली दिले. काकांचे उरलेसुरले काकांकडेच राहिले. अट एकच, झाकण उघडं ठेवायचं.

मग सुतार आला आणि त्याने मला सुलटा केला. आता मला जिना दिसतो, येणारेजाणारे दिसतात. हिशोब द्यायला बाई येतात तेव्हा काकू माझ्यातून त्यांनाही निरखून घेतात, मगच कडी काढतात. मला ते बरं वाटतं. बाई खरं बोलल्या हे मान्य, पण खरं बोलणं हीसुद्धा एखाद्याची धंद्याची रीत असू शकते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात.

तुम्ही तुमचे पैसे स्वतः सांभाळा नाहीतर दुसऱ्याच्या हाती द्या, त्यातलं मला कळत नाही. डोळा उघडा ठेवा, एवढंच म्हणेन. आणि माझं एक काम करा. काल माझ्या पाठीमागे काकूंच्या सपाता वाजल्या आणि लगेच काहीतरी पटकन मिटल्याचा आवाज आला. मला आता मागे बघता येत नाही. तुम्ही जरा आत डोकावून बघाल का?