खोललेलं इंजिन

विमलने चाकाखालचा दगड पायाने ढकलला आणि उचलून पुढच्या सीटखाली टाकला. गाडी उताराकडे तोंड करून उभी होती. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, शेवटची लावली, तशीच. ब्रेक सोडला की घरंगळेल आणि गिअर टाकला की सुरू होईल, अशी.

लखूला मागच्या सीटवर आडवं केलं होतं. झाडावर फांद्या तोडताना कोयता निसटून त्याच्या मांडीत घुसला होता. लुगडं फाडून बांधलेला पट्टा भिजून काळपट झाला होता. त्याची बायको तुळजा डोकं मांडीवर घेऊन बसली. त्याचा बाप, उमाजीमामा, पुढे बसले. बस निघून गेली होती.

आई किल्ली घेऊन पायरीवर उभी होती.

"देवाच्या चढावर बंद पडेल गं. हे कायम म्हणायचे."

"दुसरी गाडी आहे का, आई?"

आईने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, पण बोटं लगेच सोडली नाहीत.

पूर्वी त्या चढावर गाडी एकदा खोकायची आणि बंद पडायची. दोष त्या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांत निघाला. कंपनीने त्या परत बोलावल्या आणि बेळगावात इंजिन खोलून आतला भाग फुकट बदलून दिला. अण्णांचा विश्वास बसला नाही. "खोललेलं इंजिन आणि मोडलेलं हाड, कधी कुरकुरेल सांगता येत नाही," म्हणत त्यांनी पुढची सगळी वर्षं गाडी दुकान आणि शेत एवढ्यातच फिरवली. गेल्या महिन्यात छातीत कळ आली, त्या सकाळीही ती काढू दिली नाही. जंगलात बंद पडली तर कोण येणार? बस येईलच आता. आईने हातातली किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली होती. बस उशिरा आली. तोवर अण्णा गेले होते.

कुंभारवाडा मागे पडला. झाडी दोन्ही बाजूंनी जवळ आली.

"अण्णांच्या गाडीत बसायला मांडी कापून घ्यायला लागली बघ," लखू पुटपुटला.

"गप पड रे," मामा म्हणाले. "बरा झालास की चालत जा."

चढाच्या वळणावर देवाचा दगड होता. येणारा-जाणारा तिथे थांबून हिरवी डहाळी ठेवायचा. मामांनी निघतानाच एक डहाळी हातात घेतली होती.

"मामा, इथं थांबले तर पुन्हा सुरू होईल की नाही..."

"थांबू नको, बाय. देवाला कळतंय." त्यांनी खिडकीतून डहाळी टाकली आणि हात जोडले.

विमलने गिअर खाली आणला. इंजिनाचा आवाज जड झाला. त्या आवाजात ती खोकला शोधत होती. घाम डोळ्यांत उतरला, तरी तिने हात सोडून पुसला नाही. मागे लखू आता बोलत नव्हता.

"वो, ऐकताय न्हवं?" तुळजा त्याला हलवत होती. "डोळं उघडा की!"

गाडी चढत राहिली. आवाज तसाच, एकसारखा.

माथा आला. मामांनी सुस्कारा सोडला. विमलने स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. पुढचा चढ आला आणि गेला. तिसऱ्या चढावर तिच्या लक्षात आलं, की ती अजूनही खोकल्याची वाट पाहते आहे. पण आता वेगळ्या कारणासाठी.

जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात लखूला आत नेलं. बऱ्याच वेळाने मामा बाहेर आले.

"वाचला. वेळेवर आणलात, म्हणाले डाक्टर."

इंजिन चालूच होतं. विमल आत बसून होती.

"बंद कर की आता, बाय. पोचलो न्हवं?" मामांनी बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "बघ की, येवढं चढून बी कायसुदिक..."

ते थांबले. हात हळूच मागे घेतला.

"मामा," विमल म्हणाली, "आई विचारेल."

मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. वाकून सीटखालचा दगड काढला. जमीन सपाट होती, तरी तो चाकाखाली नीट बसवला.

"सांगतो," ते म्हणाले. "देवाच्या चढावर दोनदा बंद पडली. ढकलून ढकलून आणली."