पत्ता माझ्या पोटावर

मित्रांनो, आधी माझं झाकण जरा सैल करा, म्हणजे मला मोकळेपणानं बोलता येईल. हां, असं. मी आहे एक जुना पितळी तांब्या, फिरकीचा. म्हणजे माझ्या झाकणाला आटे आहेत. झाकण गोल फिरवून घट्ट बसवायचं, वरची कडी धरायची, की निघालो प्रवासाला. कितीही हिंदकळलो तरी थेंब सांडणार नाही. तुमच्या प्लास्टिकच्या बाटल्या जन्मालाही आल्या नव्हत्या, तेव्हापासून माणसं मला घेऊन परगावी जात आली आहेत. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या. म्हातारपणी तेवढीच उरते.

मराठवाड्यातल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकार दिला. धर्माजी नावाच्या शेतमजुरानं मला लेकीच्या लग्नात घेतलं आणि गळ्याखाली छिन्नीनं एकच शब्द कोरून घेतला: चंपा. "बाई, दुसरं काही देणं झालं न्हाई," तो लेकीला म्हणाला, "पर पाण्यासाठी कुणापुढं हात पसरू नको." चंपानं मला छातीशी धरलं आणि सासरची वाट धरली. तेव्हापासून मी तिचा आहे.

पुढं ती चंपाबाई झाली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं सव्वीस वर्षं लेकरांची नाकं पुसली, खिचडी शिजवली. मी रोज बरोबर. एकदा वस्तीतल्या लोकांबरोबर ट्रकनं नागपूरला दीक्षाभूमीला गेलो, तेव्हा चाळीस माणसांनी माझ्यातलं पाणी चाखलं आणि "काय गार पाणी आहे हो!" म्हणून वाखाणलं. पण मित्रांनो, एक सांगतो. चंपाबाई कधी, कुठंही, एकटी गेली नाही. बरोबर नवरा, नाहीतर जाऊ, नाहीतर अख्खी वस्ती. मग घरात फ्रिज आला, बाटल्या आल्या आणि मी ट्रंकेत गेलो. काळाठिक्कर पडलो. कुणी विचारलं नाही. रागावलो होतो, खोटं कशाला बोलू?

तिचा नवरा वाल्मिक गेला आणि वर्षभरानं मुलगा, जीवन, तिला मीरा रोडला घेऊन आला. बेव्हर्ली पार्कमधली नवकिरण सोसायटी, सी विंग, चौथा मजला. निघताना तिनं ट्रंक उघडली, मला चिंचेनं घासून लख्ख केलं आणि म्हणाली, "चल बाबा, आपल्या दोघांचं आता शहरात."

शहरात आल्यावर तिसऱ्याच दिवशी घोळ झाला. ती कचरा टाकायला खाली उतरली आणि परत चढली ती बी विंगमध्ये. तिन्ही विंग दिसायला सारख्या, दारांचा रंगसुद्धा तोच. चारशे चारची बेल वाजवली तर भलताच माणूस बाहेर आला आणि हिंदीत काहीबाही बोलून दार लावून घेतलं. चंपाबाई जिन्यातच बसून राहिली. दीड तासानं जीवनला सापडली तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

झालं! त्या दिवसापासून फर्मान निघालं: आईनं एकटीनं खाली उतरायचं नाही. एवढ्यावर थांबता तर ठीक होतं. जीवन मला घेऊन भाईंदरच्या बाजारात गेला. तिथं भांड्याच्या दुकानाबाहेर नावं घालणारा बसतो. त्यानं मशिन टर्रर्र चालवलं आणि माझ्या पोटावर अख्खा पत्ता घातला: सी-४०४, नवकिरण, बेव्हर्ली पार्क, खाली मोबाइल नंबर. धर्माजीनं कोरून घेतलेल्या नाजूक अक्षरांखाली ही टोचून काढलेली बखर! मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

"मला काय बालवाडीत घालायलास व्हय रे?" चंपाबाई म्हणाली.

"आई, शहर आहे हे. असू दे," जीवन म्हणाला.

जीवन आणि सूनबाई संघप्रिया साडेआठला कामावर जायचे. तो अंधेरीच्या ऑफिसात, ती भाईंदरला दवाखान्यात नर्स. दाराला लॅच. ओढलं की आपोआप बंद, मग बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. चाव्या तीन: एक त्याच्याकडे, एक तिच्याकडे आणि तिसरी, अडीअडचणीला असावी म्हणून, समोरच्या मंदाकडे. मंदा मूळची रत्नागिरीची, घरी बसून साड्यांना फॉल-बिडिंग करायची. माणूस लाख मोलाचं, पण परकंच ना? चावी परक्या घरात चालते आणि आईच्या कमरेला चालत नाही. चंपाबाईला हे फार लागलं होतं. रोज सकाळी लॅच खट्ट वाजला की ती माझ्याकडे बघायची आणि मला कळायचं. बाहेरून झाकण आवळलं की आतल्या पाण्याला विचारतो कोण?

"रविवारी फिरवू तुला आई. गोराईचा पॅगोडा दाखवू," जीवन म्हणायचा. एका रविवारी नळ गळायला लागला. दुसऱ्या रविवारी संघप्रियाची ड्यूटी निघाली. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी चंपाबाईनं मला घासायला घेतलं. कुठं जायचं नसताना. मी ओळखलं, बाई काहीतरी ठरवतेय.

सोमवारी लॅच वाजला तशी तिनं आतूनच दार उघडून पायाचा दाराला अडसर लावला आणि समोरच्या मंदाला हाक मारली. "मंदा, ती चावी आण. आठ दिवस मी शहर बघणार आहे. एकटी. सहाच्या आत घरी. जीवनला बोलायचं न्हाई."

"मावशी, काय बोलताय काय! माझ्या जिवाला घोर लावणार तुम्ही," मंदा म्हणाली. पण हसली आणि आतून चावी घेऊन आली.

पहिल्या दिवशी आम्ही फार लांब गेलोच नाही. चंपाबाईनं आधी स्वतःची विंग पाठ केली. सीच्या दारापाशी एक तुटकी कुंडी आहे, बीच्या दारापाशी नाही. मग चौक, मग औषधाचं दुकान, मग बसस्टॉप. प्रत्येक वळणावर मागं वळून बघायची, कारण जाताना रस्ता एक दिसतो आणि येताना दुसरा. अंगणवाडीतली लेकरं घरी सोडून सोडून तिला हे ठाऊक होतं. संध्याकाळी मंदाला चावी परत देताना तिचा चेहरा उजळला होता.

मंगळवारी जेसल पार्कच्या चौपाटीवर जाऊन खाडी पाहिली. बुधवारी घोडबंदरच्या किल्ल्यावर. मंदानं चिठ्ठीवर बसचे नंबर लिहून दिले होते. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, बरोबर कोण आहे?" चंपाबाईनं मला वर उचललं. "ह्यो काय, तांब्या हाय की!" सगळी बस हसली. त्यात टिंगल नव्हती. किल्ल्याच्या पायऱ्या ती दमादमानं चढली. वर वारा भणाणत होता. खाली खाडीचं पाणी, लांब वरसाव्याचा पूल, त्यावरून मुंगीच्या पावलांनी चाललेले ट्रक. तिनं भाकरी-ठेचा सोडला, माझ्यातलं पाणी प्यायली आणि मोठ्यानं म्हणाली, "वाल्मिकराव, बघा हो, मी कुठवर आले ते!" आजूबाजूला कुणी नव्हतं. होतं तरी तिनं पर्वा केली नसती.

गुरुवारी उत्तन. भाईंदर पश्चिमेहून बस. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले आणि एक कोळीण, मार्था तिचं नाव, ते उलटसुलट करत होती.

"एकटीच हाय, बाय? बरोबर कोन न्हाय?"

"तांब्या हाय."

मार्था खो-खो हसली. चंपाबाई कधी रिकामी बसलीय? मला वाळूत टेकवून तिच्याबरोबर बोंबील अडकवायला लागली. दोघी सुनांबद्दल, सांध्यांबद्दल, कुणाला किती लेकरं झाली त्याबद्दल बोलत राहिल्या. एवढ्यात मार्थाच ओरडली, "बस आली गो बाय, धाव! ही चुकली तर तासभर खोळंबा!" चंपाबाई लुगडं सावरत धावली, चढली आणि गेली.

आणि मी वाळूत.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी घाबरलो. ती सहाच्या आत पोचेल का? बी विंगमध्ये तर चढणार नाही ना? पत्ता तर सगळा माझ्याच अंगावर! तिच्याजवळ काय होतं? मार्थानं मला उचलून घरी नेलं, तिच्या लेकीनं पत्ता मोठ्यानं वाचला, फोन मात्र लागेना. मशिनवाल्यानं एक आकडा चुकीचा टोचला होता. शाबास रे पठ्ठ्या!

पुढचं मला चंपाबाईनंच नंतर चिंचेनं घासताना सांगितलं. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं. हात रिकामे. कंडक्टरनं विचारलं, "बरोबर कोण?" तिनं रिकामे हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "कुणी न्हाई. मीच." औषधाचं दुकान आलं, चौक आला, तुटकी कुंडी आली आणि ती पावणेसहाला आपल्या दारात होती. पण रात्री जीवननं विचारलं, "आई, तांब्या दिसत नाही?" "मंदाकडं ऱ्हायला," ती म्हणाली. लेकाशी खोटं बोलल्याचं तिला इतकं लागलं की जेवण गेलं नाही. शुक्रवारी ती पुन्हा उत्तनला गेली. मार्था नेमकी मासळी घेऊन बाजाराला गेलेली. चंपाबाई किनाऱ्यावर बसून रडली. बापानं कोरून दिलेलं नाव हरवलं म्हणून रडली.

शनिवारी जीवन आणि संघप्रिया दोघांनाही सुट्टी होती. दुपारी बेल वाजली. दारात मार्था, एका हातात मासळीची टोपली, दुसऱ्या हातात मी.

"यो तांब्या तुमचाच ना? तुमची आय परवा आमच्या दर्यावर इसरून गेली."

"तुमची काहीतरी चूक होतेय," जीवन म्हणाला. "आमची आई घरीच असते."

चंपाबाई पदराला हात पुसत बाहेर आली, मला बघितलं आणि लहान पोरीसारखी धावली. मार्थानं तिला मिठी मारली. मग चूक कुणाची ते जीवनला कळलं. समोरचं दार उघडून मंदा डोकावली, तिच्या हातात ती तिसरी चावी. मार्था शहाणी बाई, "बोंबील ठेवलेत गो," म्हणून हळूच निघाली.

"म्हणजे सगळ्या मजल्याला माहीत. फक्त मला नाही," जीवन म्हणाला. त्याचा आवाज चढला. "आई, हरवली असतीस तर?"

"हरवलं कोण?" चंपाबाईनं मला त्याच्यापुढं धरलं. "ज्याच्या पोटावर पत्ता हुता, त्यो हरवला. मी दर रोज टायमावर घरी."

संघप्रियाला हसू आवरेना. जीवन मात्र खाली बसला. "त्या दिवशी तुला बी विंगच्या जिन्यात बसलेलं बघितलं ना, तेव्हापासून मला झोप नाही गं. बाबा गेले. आता तूच आहेस."

चंपाबाई त्याच्याशेजारी बसली. बराच वेळ माझी कडी हातानं चोळत राहिली. "तुझा बाप गेला तवा मी रडले. पर या घरात रोज सकाळी ते दार खट्ट वाजतं ना जीवन, तवा बी रडू येतं. लेकाच्या घरात मी कुलपातली वस्तू झाले. मला राग न्हाई. मला वाईट वाटतं."

जीवन उठला, मंदाच्या हातून चावी घेतली आणि चपला घालून खाली गेला. मला वाटलं, संपलं आता, ती चावीही गेली. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा त्याच्या हातात चाव्या दोन होत्या. एक त्यानं मंदाला परत दिली. दुसरी, नवी कोरी, त्यानं लाल दोऱ्यानं माझ्या कडीला बांधली.

"किल्ला झाला, उत्तन झालं," तो म्हणाला. "पॅगोडा नाही केलास?"

"त्यो तुझ्या वाट्याचा ठेवलाय. तू कबूल केलंवतंस."

रविवारी तिघं निघाली. बस उत्तनच्याच वाटेची, ती कुठं थांबते, कुठल्या बाजूला बसलं की खाडी दिसते, हे चंपाबाई सांगत होती आणि जीवन मुकाट मागं चालत होता. पॅगोड्याच्या घुमटाखाली ती डोळे मिटून बसली. संघप्रियाही बसली. बाहेर आल्यावर तिघांनी माझ्यातलं पाणी प्यायलं आणि सूनबाई म्हणाली, "आई, किती गार आहे हो!" मला जुने दिवस आठवले.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावर आलो. जीवनची चावी त्याच्या खिशात होती. मला ती वाजलेली ऐकू आली. पण त्यानं हात खिशात घातला नाही. तो बाजूला सरकून उभा राहिला. चंपाबाईनं माझ्या कडीची नवी, अजून न रुळलेली चावी लावली, आधी उलटी, मग सुलटी. पहिल्यांदा फिरली नाही. दुसऱ्यांदाही नाही. संघप्रियाचा हात पुढं आला, जीवननं तो हळूच मागं ओढला. तिसऱ्या वेळी लॅच खट्ट वाजला आणि दार आत गेलं.

"या," चंपाबाई म्हणाली. "आत या दोघं."

तर मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. जुन्या तांब्याला महिन्यातून एकदा चिंच लावा, ट्रंकेत डांबू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी जरूर घ्या. त्यांना पत्ता लिहून द्या, नंबर लिहून द्या, एकदा तपासूनही बघा. पण त्याबरोबर दाराची चावीही त्यांच्या हातात ठेवा. आता माझं झाकण लावा बरं. उद्या सोमवार आहे आणि बाईनं सकाळीच कुठंतरी निघायचं म्हटलंय.