मी भीतीचा पारखी नाही

मित्रांनो, मी एक म्हातारा साप आहे. बिनविषारी आहे, पाळीव आहे आणि संतापलेला आहे. साप संतापला की फूत्कार टाकतो, असे तुम्ही ऐकले असेल. पण फूत्काराने कुणाला काही समजत नाही, माणसे नुसती मागे सरतात. म्हणून आज मी नीट बोलून सांगणार आहे.

माझ्या नावावर एक खोटे वर्षानुवर्षे खपवले गेले. मला बोलता येत नाही याचा फायदा घेऊन माझ्या तोंडी साक्ष घालण्यात आली, आणि त्या साक्षीवर चांगल्या माणसांच्या कपाळी शिक्के बसले. सापाला माणसाची भीती कळते, हे ते खोटे.

माझा जन्म रानात झाला नाही. साप पाळून विकणाऱ्या एका माणसाच्या मागच्या खोलीत प्लास्टिकचे डबे रचून ठेवलेले असत. त्यांतल्या एका डब्यात, ओलसर भुशात, अंडे फोडून मी बाहेर आलो. तेव्हा मी पेन्सिलीएवढा होतो. अंग नारिंगी, पाठीवर तांबडे ठिपके आणि पोट बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे. या पोटावर भाळूनच चित्रकलेच्या एका निवृत्त बाईंनी मला विकत घेतले. त्यांनी माझी खूप चित्रे काढली. मी कसा दिसतो ते त्यांनी डोळे भरून पाहिले, मला काय वाटते ते परस्पर ठरवले नाही. त्या दिवसांची मला अजून आठवण येते. पुढे त्या थकल्या, लेकीकडे राहायला गेल्या. लेकीच्या घरात सापाला जागा नव्हती. मला त्यांनी ओळखीतल्या एका गृहस्थाला दिले, आणि तिथून माझे ग्रह फिरले.

या गृहस्थाला सगळे ‘सर’ म्हणत. शाळेतले सर नव्हेत. ते कचेऱ्यांमध्ये, कारखान्यांमध्ये जाऊन लोकांना धीट व्हायला शिकवत. आवाज भारदस्त, बूट चकचकीत. त्यांनी माझे नाव ठेवले ‘पारखी’. वर्गाच्या शेवटी ते मला डब्यातून काढून उंच धरत आणि म्हणत, “माणूस तोंडानं खोटं बोलेल, चेहऱ्यानं खोटं बोलेल. पण पारखीपुढं लपवता येत नाही. याला भीतीचा वास येतो!”

मग मी या हातातून त्या हातात. ज्याच्या हातात मी शांत राहिलो तो निर्भय. ज्याच्या हातात वळवळलो तो भित्रा. निर्भयासाठी टाळ्या. टाळ्यांनी टेबल असे थडथडायचे की माझ्या अंगातले हाड न् हाड हलायचे. त्याला ते माझे कौतुक म्हणत.

आता खरे काय घडायचे ते ऐका. एका माणसाने इतके अत्तर फासले होते की माझी जीभ भाजल्यासारखी झाली. मी तोंड फिरवले. सर म्हणाले, “बघा, ओळखलं यानं!” एका मुलीने मला काकडीसारखे घट्ट आवळले, माझा श्वास कोंडला, मी सुटायची धडपड केली. तीही भित्री ठरली. एक जाडजूड अधिकारी दुपारी कोंबडी खाऊन आला होता आणि त्याने हात धुण्याऐवजी नुसते पुसले होते. मला कडकडून भूक लागलेली. मी त्याच्या अंगठ्याला तोंड लावले. झाले! हा बाहेरून वाघ आणि आतून ससा आहे, असे सरांनी भर सभेत जाहीर केले. तो बिचारा खाली मान घालून बसला. अहो, त्याच्या आत ससा नव्हता. कोंबडी होती.

तुमच्या घामाचा वास मला येतो, हे मी नाकारत नाही. जीभ बाहेर काढली की हवेतले कण न् कण मला कळतात. पण घाम उन्हाचा की जिने चढल्याचा की परीक्षेचा, हे मला कोण सांगणार? तुमचा हात थरथरला तर मलाही असुरक्षित वाटते, कारण मी पडेन. तो हात भीतीने थरथरतो की तापाने की म्हातारपणाने, याच्याशी माझे काय देणेघेणे? फांदी हलली तर मी फांदीच्या मनात शिरत नाही. मी फांदी सोडतो, इतकेच.

सरांच्या घरी माझा खरा सांभाळ अक्का करत. अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. त्या पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देत. त्यांची शिवणाची खोली घरात सर्वांत उबदार, म्हणून माझी काचेची पेटी तिथेच ठेवलेली होती. पाणी बदलणे, घाण काढणे, लांब चिमट्याने मला उंदीर देणे, सगळे अक्का करत. सरांना मी फक्त वर्गाच्या दिवशी आठवायचो.

अक्कांचे हात मला फार आवडत. सतत इस्त्री हाताळून ते उबदार असत. पेटी उघडताना त्या आधी हळूच काचेवर बोट टेकवत आणि म्हणत, “हात लावते हं, बाबा.” मग दोन्ही तळवे माझ्या पोटाखाली सरकवून मला अलगद उचलत. कधी घाई नाही, कधी झटका नाही. त्या हातांत मी सैल पडून राहायचो. जगातली सर्वांत निर्धास्त बाई कोण, असे मला कुणी विचारले असते, तर मी क्षणाचाही विचार न करता अक्कांकडे मान वळवली असती.

एकदा माझी कात टाकायची वेळ जवळ आली होती. अशा वेळी आमच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा येतो आणि नीट दिसेनासे होते. अंग आवळल्यासारखे वाटते. कुणी हात लावू नये, अंधारात पडून राहावे, एवढेच मनात असते. नेमका त्याच दिवशी सरांचा वर्ग होता.

अक्का म्हणाल्या, “आज याला नको नेऊस. कात टाकायला आलाय. डोळे बघ कसे झालेत.”

“अक्का, ॲम्ब्युलन्सवाल्यांचं काम आहे. माझ्या सापासाठी ते तारीख बदलणारेत का?”

“तुझा साप! पाणी तरी घातलंयस का त्याला कधी?”

“चल, उशीर होतोय.”

“मग मी पण येते. पेटी मी धरते.”

अक्का माझी पेटी मांडीवर घेऊन सरांच्या गाडीत बसल्या. त्या दिवशीचे जे मला दिसले नाही, ते मागून अक्कांच्या बोलण्यातून कळले.

ॲम्ब्युलन्सच्या त्या आवारात एक मोठी नवी गाडी आली होती. अत्यवस्थ रोग्यांसाठी होती ती, आत यंत्रेच यंत्रे. ती कुणी चालवायची, हे त्या दिवशी ठरणार होते. तिथे एक चालकबाई होती. तिला सगळे ‘पायलट’ म्हणत, कारण गल्लीबोळांतून ती गाडी अशी काढायची की आडव्या झोपलेल्या रोग्याला वळण कळतही नसे. लहान गाडी तिने वर्षानुवर्षे चालवली होती. नवी गाडी तिलाच मिळणार, असे सगळे धरून चालले होते. पण तिथल्या व्यवस्थापक साहेबांनी सरांची जाहिरात वाचली होती. अशा गाडीवर निर्भय माणूस हवा, आणि निर्भय कोण ते साप सांगेल, असे त्यांच्या डोक्यात बसले होते.

पायलट नुकतीच गाडी धुऊन वर्गाच्या खोलीत आली होती. हात गार पाण्याने बर्फासारखे झालेले, त्यांना जंतुनाशकाचा उग्र वास. सरांनी मला तिच्या हातांवर ठेवले. मला धड दिसत नव्हते, अंग दुखत होते, त्यात तो गारठा आणि तो वास. मी पिळवटलो, शेपटी आपटली, सुटायला धडपडलो. पण तिने मला आवळले नाही. ती म्हणाली, “याला काहीतरी होतंय हो. याला खाली ठेवा.”

“याला काही होत नाहीये,” सर म्हणाले, “तुम्हाला होतंय. भीती आहे तुमच्या आत.”

“मला भीती नाही वाटत.”

“ते तुम्ही म्हणता. पारखी वेगळं सांगतो.”

साहेबांनी खांदे उडवले. “काय करणार? नवी गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. जबाबदारीचं काम आहे.”

पायलटने मला तसेच तोलून धरले. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण माझ्या अंगाखालचे तिचे हात मात्र मला कळत होते. ते जागचे हलले नव्हते. रोग्यांची वर्षानुवर्षे सेवा केलेल्या बाईच्या तोंडावर तिला भित्री म्हणत होते, आणि पुरावा म्हणून बोट दाखवत होते माझ्याकडे! मित्रांनो, मला विष नाही याचे आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटले.

तेवढ्यात गाड्या दुरुस्त करणारे म्हातारे मेस्त्री मागून म्हणाले, “साहेब, तुम्हीही धरून बघा की. तुमच्यावर तर सगळ्या गाड्यांची जबाबदारी.”

लोक हसले. साहेबांची पंचाईत झाली. इतका वेळ ते दाराला पाठ लावून उभे होते. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. त्यांनी हात पुढे केले आणि सरांनी मला त्यांच्याकडे दिले.

साहेबांचे हात काष्ठासारखे कडक झालेले, जराही हलत नव्हते. वर गरम आणि ओलसर. आणि कोटाची बाही चांगली रुंद. मला काय हवे होते? ऊब आणि अंधार. मी सरळ बाहीत शिरलो आणि कोपराजवळ वेटोळे करून पडलो. दगा देणाऱ्या माणसाला तुम्ही अस्तनीतला साप म्हणता ना? मी खरोखरच अस्तनीत गेलेला साप आहे. तिथे मी कुणाला दगा दिला नाही. मला पडायचे होते, म्हणून मी पडलो.

“बघा!” सर गरजले. “बघा, पारखी कसा विसावला! याला म्हणतात निर्भय माणूस!”

निर्भय माणूस पुन्हा दाराकडे सरकत होता. “काढा,” ते कसेबसे म्हणाले. “काढा हो हे. आधी काढा!” आणि त्यांनी हात झटकायला सुरुवात केली. माझे डोके कोपरावर आपटले. सरांनी घाईघाईने बाहीत हात घालून माझी शेपटी ओढली. मला वाटले, आता आपण मधोमध तुटणार.

“ओढू नका!” पायलट पुढे आली. तिने साहेबांचा दंड एका हाताने धरला. “साहेब, इकडे बघा, माझ्याकडे. खुर्चीत बसा. बसलात? आता हात टेबलावर ठेवा. लांब श्वास घ्या. तो चावत नाहीये, तो फक्त लपलाय. मी आहे इथे.”

रोग्याशी ती असेच बोलत असणार. साहेब लहान मुलासारखे तिचे ऐकत गेले. तिने त्यांच्या कोटाची बटणे सोडली, दुसरा हात मोकळा केला, मग अख्खा कोटच माझ्यासकट हळूहळू उतरवून टेबलावर ठेवला. अक्कांनी पेटी टेकवली. “हात लावते हं, बाबा,” म्हणाल्या आणि मला नेहमीसारखे दोन्ही तळव्यांवर उचलून आत ठेवले.

सरांनी तरीही माघार घेतली नाही. “पाहिलंत? माझ्या बहिणीच्या हातात कसा शांत! कारण तिला भीती ठाऊकच नाही.”

अक्का वळल्या. “मला याची भीती वाटते.”

“काय?”

“पहिल्या दिवसापासून वाटते. रोज वाटते. पेटी उघडताना तर फारच. इस्त्री करताना याच्याकडे पाठ करून बसवत नाही मला. पण मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं का? म्हणून हात सांभाळून घालते. या बाई म्हणत होत्या की त्याला काहीतरी होतंय, ते खरं होतं. आणि तू त्यांना भित्री ठरवलंस.”

“तू हे कधी बोलली नाहीस, अक्का.”

“तू कधी विचारलंस? तुला साप सांगायचा ना सगळं!”

मित्रांनो, मी पेटीत गार पडलो. ज्या हातांत मी सर्वांत निर्धास्त होतो, ते हात त्या घरातल्या सर्वांत घाबरलेल्या बाईचे होते. आणि मला, भीतीच्या जगप्रसिद्ध पारख्याला, त्याचा पत्ताच नव्हता.

नवी गाडी पायलटला मिळाली. किल्ली देताना साहेबांना तिच्याकडे धड बघवेना. मेस्त्रींनी तेवढ्यात साहेबांना कोट झटकून दिला आणि विचारले, “आत अजून कुणी नाही ना?” त्यावर मात्र साहेबही हसले.

घरी परतल्यावर सर अक्कांवर उखडले. “चारचौघांत माझी लाज काढलीस.”

“आणि तू त्या बाईची काढत होतास तेव्हा?” अक्का एवढेच म्हणाल्या आणि माझी पेटी आपल्या खोलीत नेऊन त्यांनी कडी लावली. त्यानंतर मी कुठल्याही वर्गाला गेलो नाही. सरांनी चूक कबूल केली, असे समजू नका. त्या दिवशी साप आजारी होता, असे ते सांगत फिरतात. आता म्हणे ते एखादे घुबड शोधत आहेत. त्या घुबडाची मला आतापासूनच दया येते.

आणि ज्यांच्यावर शिक्के बसले, त्यांचे काय? ती मला आवळणारी मुलगी, तो कोंबडी खाऊन आलेला अधिकारी, त्यांना कुणी जाऊन सांगितले का, की पारखीला काही कळत नव्हते? नाही सांगितले. म्हणून माझा राग जात नाही. मी दर हंगामाला कात टाकतो, पण हा राग कातीबरोबर निघत नाही. साप डूख धरतो, असे तुम्ही म्हणता. धरू द्या मला एवढा एक डूख.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर हात धुऊन या. गार असतील तर चोळून उबदार करा. आम्हाला खालून आधार द्या, आवळू नका, आणि डोळे दुधाळ झाले असतील तर आम्हाला आमच्या अंधारात पडू द्या. आमचे हाल करून तुमच्या धाडसाची परीक्षा घेऊ नका.

आणि भीती वाटली, तर ती सापाकडून ओळखून घ्यायच्या फंदात पडू नका. शेजारी जो माणूस उभा असेल त्याला सांगा. त्याला कळेल. मला नाही कळत.