शनिवारचं पाणी

लोकांच्या घरात शिरून त्यांच्या बादल्या उपड्या करणं, हे माझं काम. एकोणीस वर्षं मी नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात डासांच्या अळ्या शोधते आहे. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं जुनं टायर, कुठेही चमचाभर पाणी साचलं असलं की मला दिसतंच. दिसलं की ओतायचं. ओतता येत नसेल तर खांद्यावरच्या डब्यातून तेलाचे दोन थेंब सोडायचे. तवंग पसरला की खालच्या अळ्या गुदमरून मरतात. मला बघून लोक दारं लावून घेतात, पण मला त्याचं काही वाटत नाही. राग माझ्या नाकावरच असतो आणि या कामाला तो बरा पडतो.

आता अशा बाईच्याच सज्जात अकरा झाडं असावीत आणि त्यांच्या पोटातच पाणी साचत असावं, याला काय म्हणायचं?

झाडं सासूबाईंची. नाव ब्रोमेलियाड, पण त्या त्यांना 'पेलेवाल्या' म्हणतात. पानं एकात एक बसून मधोमध खोलगट पेला होतो आणि झाड मुळांपेक्षा त्या पेल्यातूनच पाणी पितं. मातीला नुसता ओलावा पुरतो. हे त्यांनी मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. आमचे हे बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. घरात आम्ही दोघीच. मी त्यांना आई म्हणते, त्या मला इन्स्पेक्टरबाई म्हणतात. भांडण असं नव्हतं. त्यांचा सज्जा त्यांचा आणि माझा डबा माझा.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दोन वर्षांत दोनदा मी ऑपरेशनची तारीख घेऊन आले आणि दोनदा त्यांनी ती मोडली. "दिसतंय तेवढं पुष्कळ आहे," म्हणायच्या. झाडं तर त्या बोटांनीच बघायच्या. मग एका सकाळी त्यांनी मला सज्जातून हाक मारली.

"कोपऱ्यातलीच्या पोटात लाल दिसतंय का गं? की माझ्याच डोळ्यांचा खेळ आहे?"

खेळ नव्हता. त्या थोरल्या झाडाच्या पेल्याभोवतीची पानं लालसर झाली होती आणि पाण्यातून कळ्यांचा तुरा डोकं वर काढत होता. बोटभर पिल्लू होतं तेव्हापासून त्यांनी ते चार वर्षं वाढवलं होतं.

"ही जन्मात एकदाच फुलते," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घे तारीख. एका डोळ्याची घे. फूल नीट बघायचंय मला."

माझी नणंद डोळ्यांच्या दवाखान्याजवळ राहते. ऑपरेशन करून दहा दिवस तिच्याकडेच राहायचं ठरलं. जाताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "झाडांना काही करू नकोस. दहा दिवस त्यांना कुणाची गरज नाही."

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी शिंप्याचं प्रकरण झालं. हा शिंपी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर बसतो. इस्त्री करताना कपड्यांवर शिंपडायला प्लॅस्टिकचा टब भरून ठेवतो. त्यात अळ्या वळवळत होत्या. मी टब उपडा केला आणि पुस्तकातून नोटीस फाडून त्याच्या हातात दिली. तो गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटत म्हणाला, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं बाईंना, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही! तुमच्या सज्जात अकरा डबकी आहेत. त्यांना कोण देणार नोटीस?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती हसली. मला फार लागलं, कारण म्हणणं खोटं नव्हतं.

वर आले ती तडक सज्जात गेले. टॉर्च लावून खालचा एकेक पेला तपासला. पाणी नितळ. एकातही अळी नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण खरी चूक इथेच आहे. मी बघितलं, मला काही सापडलं नाही, आणि तरीही मी डबा उघडला. आज नाही तर उद्या अळ्या होतील, आणि तो शिंपी पुन्हा चारचौघांत तोंड उघडेल. खालच्या आठ झाडांत दोन-दोन थेंब सोडले. वरच्या फळीवरच्या तिघींपर्यंत हात पोचेना आणि स्टूल आणायचा धीर नव्हता, म्हणून त्या राहिल्या.

पाचव्या दिवशी सज्जात गटारासारखा वास येऊ लागला. सातव्या दिवशी मी थोरल्या झाडाचा तुरा हलकेच चाचपून बघितला, तर तो आख्खा माझ्या हातात आला. बुडाशी काळा, कुजलेला. त्या पेल्यातूनच झाड पितं आणि श्वासही घेतं, हे मला तेव्हा नर्सरीवाल्यानं फोनवर सांगितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अळ्या गुदमरवायचं तेल मी झाडाच्याच गळ्यात ओतलं होतं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "उमललं का?"

"उमलतंय, आई," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नर्सरीत जाऊन मी तसंच लाल तुऱ्याचं झाड आणलं आणि सासूबाईंच्या कुंडीत लावलं. मेलेलं झाड मातीसकट एका जुन्या डब्यात घालून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपवलं. बाकीच्या सातही मेल्या होत्या, त्या उन्हानं करपल्या म्हणून सांगायचं ठरवलं. लोकांच्या थापा एकोणीस वर्षं पकडल्या असल्यामुळे मला वाटत होतं, आपली थाप तरी पक्की असेल.

दहाव्या दिवशी नणंद त्यांना सोडून गेली. दारातच त्यांनी नव्या डोळ्यानं माझ्याकडे टक लावून बघितलं. "अगं, केवढी पिकलीस तू! मला कुणी सांगितलंच नाही." मग माझ्या कानाजवळचे केस त्यांनी मागे सारले. त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं.

सज्जात सासूबाई त्या झाडापुढे वाकून उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं. "काय रंग आहे!" म्हणाल्या. सवयीनं त्यांचा हात पानाच्या कडेवरून फिरला आणि मधेच थांबला. त्यांनी दुसरं पान चाचपलं, मग तिसरं.

"हिला काटे नाहीत," त्या म्हणाल्या. "माझीला होते. माझी कुठाय?"

मला चार वर्षांत ते काटे दिसले नव्हते. मी सगळं सांगितलं. शिंपी, तेल, टाकीमागचा डबा, फोनवरचं खोटं.  माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "अळ्या होत्या?"

"नव्हत्या."

"का नव्हत्या, ते विचारलंस कुणाला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"दर शनिवारी तू कामावर गेलीस की मी एकेकीचा पेला ओतते आणि ताजं पाणी भरते. एकोणीस वर्षं ऐकतेय तुझं, आठवड्यातून एकदा पाणी बदला, आठवड्यातून एकदा पाणी बदला. सगळ्या गावानं नसेल ऐकलं, मी ऐकलं."

मला रडू आलं. मी सहसा रडत नाही.

मी गच्चीवरून डबा आणला. सासूबाई जमिनीवर बसल्या आणि कुजलेली पानं एकेक करून काढू लागल्या. मातीत अंगठा घालून त्यांनी बुडाभोवती फिरवला. एका जागी अंगठा अडला. तिथे सुपारीएवढा हिरवा कोंब होता, जुन्या पानाखाली दडलेला. माझ्या नजरेला काहीही चुकत नाही म्हणतात. हा चुकला म्हणून वाचला, नाहीतर त्यालाही दोन थेंब मिळाले असते.

"फूल आल्यावर ती जाणारच होती," त्या म्हणाल्या. "पिल्लू ठेवून जातात सगळ्या. मला तिच्या जाण्याचं नाही काही. मला बघायचं होतं."

त्यानंतर तीनेक महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. नर्सरीच्या झाडाला त्यांनी पाणी घातलं, पण हात लावला नाही. मी दुसऱ्या डोळ्याची तारीख आणली, ती त्यांनी नेहमीसारखी मोडली. शनिवारचं पाणी आता मी बदलायचं, एवढं मात्र न बोलताच ठरलं. मी रजा टाकून बदलते. वरच्या तिघींचे पेले ओतते, धुते, भरते. पिल्लाचा पेला अजून अंगठ्याएवढाच आहे, त्यात चमच्यानं पाणी घालते. सासूबाई खुर्चीत बसून एका डोळ्यानं पहारा करतात.

गेल्या शनिवारी त्यांनी विचारलं, "अळ्या?"

"नाहीत."

"नीट बघितलंस?"

"बघितलं. तेव्हाही बघितलं होतं, आई. विचारलं नव्हतं."

 मी चमचा खाली ठेवला. दोन वर्षांत तीन तारखा मी आपल्या मनानं आणल्या होत्या आणि एकदाही त्यांना विचारलं नव्हतं, हे मला तिथे पायाशी बसल्यावर उमगलं.

"आई," मी म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याचं करायचं का?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, वाकून पिल्लाच्या कोवळ्या पानाची कड बोटानं चाचपली. बारीक काटे धरू लागले होते.

"हिला फुलायला अजून तीन-चार वर्षं," त्या म्हणाल्या. "एवढी वाट एका डोळ्यानं कशी बघायची? करू या."