शेवटची पाळी

पाटातला गाळ उपसायच्या दिवशी आमच्या लोस अलिसोस गावात विधवांनी काय करायचं, तर स्वयंपाक. पुरुष फावडी घेऊन पाटात उतरणार आणि आम्ही पाचजणी मक्याच्या भाकरी, घेवड्याचं कालवण घेऊन काठावर उभ्या. ज्या घरचं फावडं पाटात, त्या घराला पाणी आधी, असा नियम. बाईनं पाटात पाय ठेवला की पाट आटतो म्हणे! म्हणून जिच्या घरी पुरुष नाही तिची पाळी शेवटची, ऑगस्टमध्ये. डोंगरावरच्या बर्फाचं पाणी मे-जूनमध्ये धो धो वाहून जायचं. ऑगस्टमध्ये पाटात असायचे सरडे.

त्या दिवशी लिब्रादा वाढत होती. पाटाची वही सांभाळणारा पाटकरी ओनोफ्रे, म्हणजे तिचा थोरला दीर, पहिला घास घेऊन म्हणाला, "लिब्रादा, मीठ कमी पडलंय गं."

"पडलं असेल, भावोजी. आमची सेनाइदा चाखून बघायची. आता कोण चाखणार?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. ओनोफ्रेनं नाही. त्यानं मीठ मागितलं.

सेनाइदा तिची एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये लिब्रादाचं मिरचीचं रान करपायला लागलं, तेव्हा दोघी मायलेकी ओनोफ्रेच्या बांधावर गेल्या होत्या. मी सोबत होते, कानांनी ऐकलंय. त्याच्या सफरचंदाच्या बागेतून पाणी ओसंडून रस्त्यावर चाललं होतं, गाढवं त्यात लोळत होती.

"भावोजी, एक तास द्या. फक्त एक तास. पोरीचं अख्खं वर्ष या मिरचीवर आहे."

"नियम मी केलाय का? बापजाद्यांचा आहे. तुला दिलं की उद्या बाकीच्या चौघी माझ्या दारात."

"पाणी रस्त्यावर चाललंय हो!"

"रस्त्यावर जाईना का. पाळी माझी आहे."

मिरची गेली. पंधरा वर्षांची सेनाइदा बीट काढायला परक्यांच्या शेतांवर कोलोरॅडोला गेली आणि थंडीत खोकत परत आली. नाताळच्या आधी तिला मातीत ठेवलं. लिब्रादा रडली नाही. मला तेव्हाच तिची भीती वाटली होती.

तर सांगत होते त्या जेवणाचं. जेवणं चालू असतानाच सरकारी इंजिनिअर नकाशा घेऊन आला. वरच्या डोंगरात सात मातीचे बंधारे होणार होते, उतारावर चर खणून गवत लावणार होते, खालच्या शहरात पूर येऊ नये म्हणून. "पण आधी तुमच्या पाळ्या कागदावर लिहून द्या," तो म्हणाला. "सह्या झाल्या की दहा वर्षं बदल नाही. करायचाच तर सगळ्यांची संमती लागेल."

ओनोफ्रे भाकरीचा तुकडा हलवत हसला. "लिहा, साहेब! मे, जून, जुलै आम्ही. ऑगस्ट अख्खा या बायांचा. एकदाची भुणभुण मिटू दे!"

पुरुष खो खो हसले आणि पुन्हा कालवणाकडे वळले. लिब्रादानं मात्र विचारलं, "साहेब, मेचं बर्फाचं पाणी मग जाणार कुठे?"

"बंधाऱ्यात अडेल, बाई. डोंगरात मुरेल. पाझरत पाझरत खाली यायला ऑगस्ट उजाडेल."

लिब्रादानं पळी खाली ठेवली, हात पुसले आणि पहिली सही केली. आम्ही चौघींनी तिच्या मागोमाग केल्या, जेवणं झाल्यावर पुरुषांनीही. तिचा प्रश्न आणि साहेबाचं उत्तर गावातल्या एकाही पुरुषानं ऐकलं नव्हतं. बायका बोलताना ऐकायची सवयच नाही मेल्यांना!

बंधारे झाले. पुढच्या मेमध्ये ओढा फुगलाच नाही. पाटात घोट्याएवढं पाणी, तेही निम्म्या वाटेत जिरायचं. जूनमध्ये पुरुष एकमेकांवर फावडी उगारायला लागले. जुलैत ओनोफ्रेची सफरचंदं बोराएवढी असतानाच गळाली. आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पाट काठोकाठ वाहायला लागला. थंडगार, नितळ पाणी. आम्ही पाचजणींनी त्यात पाय सोडले. आटला नाही हो पाट!

दहाव्या दिवशी ओनोफ्रे आला. टोपी हातात होती.

"लिब्रादा, तीन दिवस दे. झाडं जातील."

"नियम मी केलाय का, भावोजी?"

"टोमणे नंतर मार. घरचा माणूस आहे मी तुझा."

"मग घरच्या माणसानं पाटाची वही आणावी. विधवांचा नियम खोडावा आणि आम्हा पाचजणींची नावं फावड्यांच्या यादीत लिहावीत. सगळ्या गावासमोर."

तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी, रविवारी, चर्चच्या अंगणात वही घेऊन आला. त्याचा चेहरा असा झाला होता की दुसरा कुणी असता तर मला त्याची दया आली असती. त्यानं नियमावर रेघ मारली, पाच नावं लिहिली.

लिब्रादानं बोट ठेवून वाचलं. "एक राहिलं."

"कुणाचं?"

"सेनाइदाचं."

"अगं, मेलेल्या माणसाला कसलं पाणी?"

"लिहा."

त्यानं लिहिलं. मग हळूच म्हणाला, "आता पाणी?"

"तुमची पाळी मेमध्ये आहे," लिब्रादा म्हणाली.

"तू शब्द दिलास!"

"मी लिहा म्हटलं. देते कधी म्हटलं?"

ती तशीच रानात गेली आणि पाटाचं पाणी अडवायच्या दाराच्या फळीवर बसून राहिली. खाली मिरची लालभडक झाली होती. पलीकडे ओनोफ्रेची बाग पिवळी पडत होती. पुढच्या वसंतात त्यातली निम्मी झाडं फुटलीच नाहीत. त्याच वसंतात आम्ही पाचजणी फावडी घेऊन पाटात उतरलो. लिब्रादानं दोन आणली होती, दुसरं लेकीचं. भाकरी पुरुषांनी आपापल्या घरून आणल्या.

आता पाद्री म्हणतात, लिब्रादानं क्षमा करायला हवी होती. शेजारणीही कुजबुजतात, झाडांचा काय दोष. खरंय, झाडांचा दोष नव्हता. मिरचीचा तरी कुठे होता? मी त्या फळीवर तिच्या शेजारी बसले होते आणि पुन्हा बसेन. तुम्हाला ती दुष्ट वाटत असेल तर आधी आपल्या गावच्या पाटाची वही उघडा आणि शेवटची पाळी कुणाची ते वाचा. मग या माझ्याशी भांडायला.